शेजारी म्हणून चालतील का?

लोकांच्या मनात काय आहे हे कागदावर उत्तराभोवती गोल करून कळतं, असं ज्या विद्वानांना वाटतं, त्यांनी एकदा सुमनकाकूंच्या हातचा चहा प्यायला हवा होता. मी तो शेकडो वेळा प्यायले आहे, आणि त्यातल्या एका खेपेला मांडीवर फॉर्म ठेवून प्यायले. फॉर्म होता यहुदी लोकांबद्दल सामान्य माणसाच्या मनात किती आकस आहे हे मोजण्याचा. मोजणारी मी, वय एकोणीस, स्वतः यहुदी. आणि जिच्या मनातला आकस मोजायचा होता ती बाई मी जन्मले तेव्हा माझ्या आईसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन दवाखान्यात आली होती. यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्या वेळी मला हसू आलं नव्हतं आणि आता येतं ते काही फार गोड नसतं.

आम्ही पंचवटीत राहायचो, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आमच्या, दोन काकूंच्या, मधे एकेरी विटेची भिंत. सकाळी काकूंच्या भाकरीची थापथाप ऐकूनच मला जाग यायची. काका, म्हणजे त्यांचे यजमान, पहाटेच बाजारात गाळ्यावर गेलेले असायचे, त्यामुळे घरात आवाज असायचा तो काकूंचाच. आमच्याकडून त्यांना ऐकू जायची पप्पांची शिलाई मशीनं. पप्पांचं दुरुस्तीचं दुकान होतं, पण दुकानात न आटपलेली मशीनं ते घरी आणत आणि टाका बरोबर पडतो का ते बघायला रिकामं कापड घालून तासन्‌तास पायडल मारत बसत. काकूंनी त्या आवाजाबद्दल कधी तक्रार केली नाही. उलट एखाद्या दिवशी मशीन वाजलं नाही तर भिंतीवर टकटक करून विचारायच्या, भाऊजींना बरं नाही का? भिंतीवर टकटक करायची आमची एक पद्धतच होती. एकदा वाजवलं तर काहीतरी हवं आहे, दोनदा वाजवलं तर चहा झालाय, या. तिसऱ्या प्रकारची गरज आम्हाला कधी पडली नाही.

आम्ही मूळचे कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. पणजोबांपर्यंत तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद, म्हणून तिकडं गावानं नाव ठेवलं होतं शनिवार तेली. नाशकात घाणा नव्हता, पण शनिवार होताच. शुक्रवारी दुपारपासून आईची धावपळ सुरू व्हायची. मासे साफ करून नारळाच्या दुधात कालवण, भात, वालाची उसळ, आणि ऊन कलायच्या आत काचेच्या भांड्यात पाणी-तेल घालून दिवा. एकदा तो लागला की दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत घरात काडी ओढायची नाही. पंचवटीनं याची आपल्या परीनं संगती लावून घेतली होती. शनिवारी दुकान बंद, चूल बंद, आदल्या संध्याकाळी तेलाचा दिवा. काकूंनी निदान केलं की कोर्लेकरांचं, म्हणजे आमचं, शनीचं लय कडक हाय, आणि गल्लीनं ते मान्य केलं. आमच्या दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली पितळी नळी होती, मेझुझा, आत प्रार्थनेचा कागद. काकू येता-जाता तिला बोटं लावून कपाळाला लावायच्या. नवस फेडायला आई आमच्या प्रेषिताच्या, एलियाहू हन्नबीच्या नावानं मलिदा करायची, भिजवलेल्या पोह्यात गूळ-खोबरं आणि वर फळं, तर काकू दोन्ही हातांनी घेऊन म्हणायच्या, आमचीबी साडेसाती टळू दे. पप्पांनी एक-दोनदा समजावून सांगायचा प्रयत्न केला की वहिनी, आमचा देव वेगळा नाही, एकच आहे, त्याला मूर्ती नाही. काकूंनी ऐकून घेतलं आणि शनिवारी सकाळी नेहमीप्रमाणे आमचं दूध आपल्या स्टोव्हवर तापवून आणलं. तुमच्या देवाला तुमच्या चुलीचं नाय चालत, माझ्या चुलीचं काय, असं त्यांचं म्हणणं होतं.

अशा घरात वाढलेल्या मुलीला सर्व्हेचं काम मिळालं. कॉलेजच्या फळ्यावर चिठ्ठी लागली होती, सुट्टीत घरोघर जाऊन फॉर्म भरून आणायचे. कुठल्या तरी परदेशी संस्थेनं मुंबईच्या कुणाला तरी काम दिलेलं, मुंबईच्यांनी आणखी कुणाला दिलेलं, आणि त्या उतरंडीच्या तळाशी आम्ही सहा मुली. आमच्यावर मोहिते नावाचे एक सुपरवायझर होते. गळ्यात पेन, बगलेत पॅड, आणि बोलताना सतत ‘सॅम्पल’ हा शब्द. त्यांनी एका हॉलमध्ये बसवून आम्हाला अर्ध्या दिवसात शास्त्र शिकवलं. दर पाचवं घर घ्यायचं. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. स्वतःहून काही समजावून सांगायचं नाही, नाहीतर उत्तरावर परिणाम होतो. स्वतःचा धर्म, जात, मत सांगायचं नाही. आणि कुणी माहीत नाही म्हटलं तर ते लगेच लिहायचं नाही, म्हणायचं, ‘तरीसुद्धा तुम्हाला काय वाटतं?’ फारच माहीत नाही आलं तर वरचे लोक फॉर्म परत पाठवतात, असं ते म्हणाले. मग फॉर्म वाटले. मी वाचला आणि माझे कान तापले. यहुदी लोक पैशाच्या व्यवहारात फार हुशार असतात. यहुदी लोक आपल्याच लोकांना धरून राहतात. यहुदी लोकांचा जगाच्या कारभारावर फार वचक आहे. आपल्यावर झालेल्या अन्यायाबद्दल ते फार बोलतात. प्रत्येकापुढं सहमत, असहमत. जितके सहमत तितका माणसाच्या मनात आकस जास्त, असा हिशोब. आणि सगळ्यात शेवटी, यहुदी माणसं तुम्हाला शेजारी म्हणून चालतील का?

मी हात वर करून विचारलं, ‘सर, व्यवहारात हुशार म्हणणं हे वाईट कसं?’

‘ते तिकडच्या लोकांनी ठरवलंय,’ मोहिते म्हणाले. ‘आपण फक्त वाचायचं.’

माझं आडनाव वाचून त्यांनी विचारलं होतं, कोकणातल्या का तुम्ही? मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं. खरं म्हणजे मी तिथंच उठून घरी यायला हवं होतं, पण एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या कमाईच्या कामाचं जे अप्रूप असतं ते होतं, आणि आणखी एक गोष्ट होती जी मी पप्पांनासुद्धा सांगितली नाही. मला कळून घ्यायचं होतं. लोक आपल्याबद्दल खरंच काय म्हणतात हे आपण नसताना ऐकायची संधी कुणाला मिळते? मी ती सोडणार नव्हते.

तर काय ऐकलं? डोंबल. पंचवटीत यहुदी म्हणजे कोण हेच कुणाला माहीत नव्हतं. पण आमच्या नाशिककरांना एक खोड आहे. दारात उन्हातून आलेली पोर रिकाम्या हाती पाठवायची नाही. पाणी द्यायचं, गूळ द्यायचा, चहा द्यायचा, आणि ती उत्तर मागत असेल तर उत्तरही द्यायचं. एका गुरुजींनी ओटीवर बसून मला विचारलं, यहुदी म्हणजे कोण गं? मी म्हटलं, सांगता येत नाही काका. ते म्हणाले, मग मी कसं सांगू? मी म्हटलं, तरीसुद्धा तुम्हाला काय वाटतं? त्यांनी माझ्याकडं काळजीनं पाहिलं, घरात हाक मारून आणखी पाणी मागवलं आणि म्हणाले, तुझं काम होऊ दे, लिही सहमत. एका भाजीवालीनं प्रत्येक वाक्याला ‘असंल, असंल’ म्हटलं. एका रिक्षावाल्यानं आधी विचारून घेतलं की तुला कुठलं बरं पडतं. मी सगळं गोल करत गेले. दोन दिवसांत पंचवटीतली निम्मी माणसं जगातल्या यहुद्यांची दुष्मन करून ठेवली, तीही गूळ-पाणी घेऊन. याला म्हणे शास्त्र.

तिसऱ्या दिवशी दर पाचवं घर मोजत मोजत मी आमच्याच जिन्यावर आले, आणि पाचवं घर आलं काकूंचं. मी मोहित्यांना जाऊन सांगितलं की हे शेजारी आहेत, ओळखीचे आहेत, वगळते. ते म्हणाले, वगळलं की सॅम्पल बिघडतं. तेव्हा मी काकूंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले, मांडीवर फॉर्म घेतला. काकू मेथी निवडत होत्या. त्यांना माझ्या सर्व्हेच्या कामाचं फार कौतुक. आमची रिबू सरकारी काम करते, असं त्या गल्लीत सांगून आल्या होत्या.

मी वाचलं, यहुदी लोक पैशाच्या व्यवहारात फार हुशार असतात. काकूंनी विचारलं, कोण लोक? मी म्हटलं, सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, बरं, हुशार असतील तर चांगलंच हाय की, माणसानं व्यवहारात हुशार असावंच, आमच्या ह्यांना जरा शिकवा म्हणावं. मी सहमतला गोल केला. आपल्याच लोकांना धरून राहतात? मग कोणाला धरून राहायचं, म्हणाल्या, आमच्या नांदगावच्या भावकीनंबी असं धरून राहावं, कोर्टात चपला झिजवायची पाळी आली नसती. सहमत. जगावर वचक? काकूंनी जरा विचार केला. वचक असल्याबिगर कोण विचारतंय, लिही. सहमत. अन्यायाबद्दल फार बोलतात? झाला असंल तर बोलणार नाय का गं? सहमत. एकेक गोल पडत होता आणि त्या बाईच्या तोंडून एक वाईट शब्द निघाला नव्हता. प्रत्येक वाक्याला ती त्या न पाहिलेल्या लोकांचं कौतुक करत होती आणि माझं पेन तिला गुन्हेगार ठरवत होतं. मग शेवटचा प्रश्न आला. मी तो वाचताना खाली बघितलं.

‘यहुदी माणसं तुम्हाला शेजारी म्हणून चालतील का?’

‘नको बाई,’ काकू पटकन म्हणाल्या. ‘कोण कुठले, ओळख ना पाळख. तुझे आई-बाप हायेत की शेजारी. त्यांच्या जागी दुसरं कोण कशाला?’

मी पेन हातात धरून बसले. आज इतक्या वर्षांनी स्वतःचाच राग येतो तो त्या क्षणाचा. सांगून टाकायचं होतं, काकू, ते आम्हीच. नियम गेला खड्ड्यात. पण मी शहाणी मुलगी होते, अर्ध्या दिवसाचं शास्त्र शिकले होते, उत्तरावर परिणाम होऊ द्यायचा नव्हता. आणि खरं सांगायचं तर तो ‘नको बाई’ मला लागला होता. पुढचं वाक्य ऐकूनही लागला होता. माणूस असा चमत्कारिक असतो, औषधापेक्षा ठेच आधी कळते. मी ‘नाही चालणार’ला गोल केला, काकूंनी दिलेला चहा प्यायले आणि मेथीच्या दोन जुड्या आईसाठी घेऊन घरी आले.

पुढच्या आठवड्यात आम्हाला इंदिरानगरला पाठवलं. तिकडं नव्या सोसायट्या झालेल्या, दारांवर नावाच्या पाट्या, बेल दाबल्यावर जाळीतून आधी डोळा दिसायचा. तिथं कुणी गूळ दिला नाही. एका सोसायटीचे चेअरमन मात्र फार अगत्यानं बोलले. रिटायर्ड प्राध्यापक होते, भिंतभर पुस्तकं. त्यांनी फॉर्म माझ्या हातातून घेऊन आधी स्वतः वाचला आणि हसले. म्हणाले, यात काय मोजताय ते कळलं मला. आणि मग बसून, एकेका वाक्यावर छोटं भाषण देत, असहमत, असहमत, असहमत. कुठल्याही समाजाबद्दल सरसकट बोलणं हेच मुळात अशास्त्रीय आहे, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. शेजारी म्हणून? ‘आनंदानं,’ ते म्हणाले, आणि हा शब्द लिहून घे म्हणाले. फॉर्मवर शब्द लिहायला जागा नव्हती. माझ्या सगळ्या गठ्ठ्यात एकही डाग नसलेला असा तो एकच फॉर्म. जिना उतरताना मला भरून आलं होतं. वाटलं, शिकलेल्या माणसाची गोष्टच वेगळी.

इथं मला सांगायला हवं की त्या वर्षी आमच्या डोक्यावरचं छप्पर जाणार होतं. कुंभमेळ्यासाठी रस्ता रुंद करायचा होता, त्यात आमची इमारत जायची होती, आणि मालकानं सगळ्यांना दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. काकांनी इंदिरानगरला एक फ्लॅट घेतला होता. शेजारचा रिकामा होता. काकूंनी तो पप्पांसाठी हेरून ठेवला, त्या फ्लॅटच्या मालकाशी बोलणं केलं, भिंत पोकळ आहे का ते वाजवूनसुद्धा पाहून आल्या. मालक भाड्यानं द्यायला तयार होता, पण सोसायटीचं पत्र लागणार होतं. तेव्हा पप्पा मला घेऊन चेअरमनकडं गेले. दार उघडलं आणि मी पाहिलं, तेच. मला मनातून इतका आनंद झाला की मी पप्पांचा हातच दाबला.

चेअरमननी ओळखलं, बसवलं. मग विचारलं, कोर्लेकर म्हणजे नक्की कोण? पप्पांना आडवळणानं बोलता येत नाही. म्हणाले, आम्ही ज्यू साहेब, बेने इस्राएल. चेअरमनच्या चेहऱ्यावर आदर पसरला, खरंच आदर. त्यांनी आमच्या समाजाच्या बुद्धिमत्तेबद्दल, सोसलेल्या दुःखाबद्दल सुंदर बोलून दाखवलं. आणि मग गळा साफ करून म्हणाले, ‘माझी व्यक्तिशः काहीच हरकत नाही. पण तुम्ही लोक म्हटलं की जगात कुठं काही झालं तरी पोलीस, बंदोबस्त, नसता ताप. आणि आमचे काही सभासद खेड्यातून आलेले आहेत, कमी शिकलेले. त्यांना हे पचणार नाही.’ याच खोलीत याच खुर्चीत या माणसानं ‘आनंदानं’ हा शब्द लिहून घे म्हटलं होतं. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी नंतर खूप पाहिली, पण इतक्या सफाईनं सोलणारा दुसरा दिसला नाही. पप्पा शांतपणे म्हणाले, मग सभासदांनाच विचारा साहेब. चेअरमनना नाही म्हणता येईना. रविवारी सकाळी मीटिंग होतीच.

ऊन कलायच्या आत आम्ही घरी आलो. शुक्रवार होता. आईनं दिवा लावला, पप्पांनी प्रार्थना म्हटली, पण कालवणाला हात लावला नाही. आईनं विचारलं, नाही मिळालं तर? पप्पा म्हणाले, नाशिक मोठं आहे. ते मोठं आहे हे आम्हाला माहीत होतं. त्याच महिन्यात पप्पा तीन जागा बघून आले होते आणि तिन्ही ठिकाणी वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या होत्या, दर वेळी फार नम्रपणे. उरलं होतं ते ठाण्याला मामाकडं जाणं, म्हणजे दुकान मोडणं आणि माझं कॉलेज सुटणं. आई रडली नाही, पण तिनं ताटं आवरताना काकूंची वाटी वेगळी काढून घासून ठेवली, परत करायला. ती वाटी वर्षानुवर्षं आमच्याकडंच असायची.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकली होती. काका बाजारात, म्हणून त्यांच्या जागी काकू आलेल्या, डोक्यावर पदर, मागच्या बाजूला. मी आणि पप्पा एका कडेला उभे. चेअरमननी पाण्याच्या टाकीचा विषय संपवला, रंगकामाचा संपवला, आणि मग म्हणाले की एका कुटुंबाचा अर्ज आहे, सभासदांची मनःस्थिती काय आहे ते कळावं. कोणी काही बोललं नाही. आपल्याकडं सभेत कुणी बोलतच नाही, टाकीबद्दलही बोललं नव्हतं. चेअरमननी तो गप्पपणा जरा वेळ तसाच राहू दिला आणि पप्पांकडं वळून हात पसरले. बघा, मी म्हटलं नव्हतं? असा तो हात होता. त्या वेळी मला एकदम कळलं की हा माणूस आमच्या मोहित्यांचंच काम करतो आहे. लोक गप्प बसले की आपल्याला हवा तिथं गोल करायचा.

तेवढ्यात काकू उठल्या.

‘हरकत कोणाची हाय?’ त्यांनी विचारलं.

चेअरमन म्हणाले, तसं नाव घेऊन सांगता येणार नाही.

‘तुमची हाय का?’

‘माझी? छे छे.’

काकूंनी शेजारच्या बाईला विचारलं, तुमची हाय का? तिनं मान हलवली. मग पुढच्या गृहस्थाला. मग त्यामागच्या. तोंडाकडं बघून, एकेकाला विचारत ती बाई सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कुणाचीच हरकत नव्हती. एक म्हातारे म्हणाले, मशीन दुरुस्त करणारा माणूस सोसायटीत असला तर बरंच. चेअरमनचा चेहरा उतरला. त्यांनी शेवटचा प्रयत्न केला, जरा करड्या आवाजात, की ताई, हे लोक यहुदी आहेत, याची तुम्हाला कल्पना आहे ना?

काकू थांबल्या. वळून माझ्याकडं बघितलं.

‘तू त्या दिवशी विचारत होतीस, ते तुम्हीच का गं?’

मी हो म्हटलं. काकू चेअरमनकडं वळून म्हणाल्या, पत्र द्या, उशीर होतोय. आणि पदर सावरून चालायला लागल्या. पत्र मिळालं. पप्पांनी ते दोनदा वाचून खिशात ठेवलं आणि रस्त्यावर आल्यावर त्यांचे डोळे भरले. पण रिक्षात काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. पंचवटी येईपर्यंत बाहेर बघत बसल्या.

जिन्यावर त्यांनी मला अडवलं. ‘माझ्या नावावर तू काय लिहून ठेवलंस?’ मी सांगितलं, नाव नसतं फॉर्मवर. त्या म्हणाल्या, नाव नसलं म्हणून काय झालं, बोलले मीच ना. तुझ्या आई-बापाला नको म्हणाले असं लिहिलंस? तू गप्प बसलीस? माझ्या चुलीपुढं बसून? मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, ‘तो कागद परत आण.’ कागद मुंबईला गेला होता, पुढं कुठं गेला असेल देव जाणे. तसं सांगितल्यावर काकू म्हणाल्या, मग दुसरा आण. आत्ताच्या आत्ता. माझ्याकडं एक कोरा फॉर्म शिल्लक होता. मी तो आणला आणि त्याच पाटावर बसले. मेथी नव्हती एवढाच फरक.

गेल्या महिन्यात एक मुलगी हातात टॅब घेऊन माझ्या दारात आली होती. आता गोलही करावा लागत नाही, बोटानं दाबलं की झालं. कुठल्या तरी समाजाबद्दलचं तसंच काहीतरी विचारत होती. मी तिला म्हटलं, बाळ, आधी पाणी पी, आणि मला सांग, मी जे बोलेन ते यात मावणार आहे का? ती म्हणाली, आजी, फक्त हो किंवा नाही. बिचारीचा काय दोष? पण त्या दुसऱ्या फॉर्मबद्दल मी तिला सांगितलं. विद्वानांनाही सांगायला आवडेल, पण ते दारात येत नाहीत, मुलींना पाठवतात.

त्या दुसऱ्या खेपेला काकूंना माहीत होतं की यहुदी म्हणजे कोण. त्यांनी प्रत्येक प्रश्न नीट ऐकून घेतला. व्यवहारात हुशार? हाय की, तुझा बाप जुना स्क्रूसुद्धा टाकून देत नाय. सहमत. आपल्याच लोकांना धरून राहतात? ठाण्याच्या मामाला तुझी आई दर आठवड्याला पत्र टाकते, म्हणजे राहतातच. सहमत. वचक? तुझ्या आईचा हाय, साऱ्या गल्लीवर हाय. सहमत. अन्यायाबद्दल बोलतात? यावर त्या म्हणाल्या, तू कुठं बोललीस? बोलायला पाहिजे होतं. मी असहमतला गोल केला. बाकी सगळं पहिल्या फॉर्मसारखंच. आमच्यासाठी भरसभेत उभी राहिलेली ही बाई त्या शास्त्राच्या हिशोबानं अजूनही आमची वैरीणच होती. माझं पेन शेवटच्या ओळीवर आलं.

‘यहुदी माणसं तुम्हाला शेजारी म्हणून चालतील का?’

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की मला पुन्हा वाचायचं धाडस झालं नाही. स्टोव्हवर चहा उकळत होता, तो त्यांनी उतरवला. मग हात मागं नेऊन भिंतीवर दोनदा टकटक केली. पलीकडं आईची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आमचं दार वाजलं, आणि आई काकूंची घासून ठेवलेली वाटी हातात घेऊन आत आली. काकूंनी वाटीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, ही कशाला आणलीस, ठेव तिकडंच.

तो फॉर्म माझ्या कपाटात आहे. नियमाप्रमाणे शेवटच्या प्रश्नापुढं ‘उत्तर दिलं नाही’ असं लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही, ती जागा अजून कोरी आहे.